धरणीच्या शिरेला मुळाक्षरं येतात

हिर्विलाम्पीच्या समाजगृहाच्या अंगणात त्या दुपारी अख्खं गाव लोटलं होतं. आता अख्खं गाव म्हणजे काही फार नव्हे. पण ज्या गावात बाकावर दोघं बसले तर मध्ये तिसऱ्याची जागा मोकळी सोडतात, तिथे माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती, म्हणजे काहीतरी अघटित चाललं होतं हे नक्की. प्रत्येकाच्या हातात कागदी पेल्यातली कॉफी होती आणि प्रत्येकाची नजर ओर्वो कुइस्मानेनवर खिळली होती.

ओर्वोबुवा अंगणाच्या मधोमध उभे होते. अंगात गुडघ्यापर्यंतचा लोकरी सदरा, गळ्यात तांब्याचं कडं, हातात वाळुंजाची दुबेळकी फांदी. आवाज असा, की ऐकणाऱ्याला आपण आजारी आहोत असं आपोआप वाटावं.

"धरणीला शिरा असतात, मंडळी," बुवा म्हणाले. "माणसाच्या शिरेतून रक्त वाहतं, धरणीच्या शिरेतून किरण वाहतात. वाईट किरण. तुमचा पलंग शिरेवर आला की संपलंच. किती जणांना रात्री झोप लागत नाही? हात वर करा."

सगळे हात वर गेले. आता खरं सांगायचं तर जूनमध्ये आमच्याकडे, इतक्या उत्तरेला, सूर्य मावळायचं नावच घेत नाही. मध्यरात्री माणूस अंगणात बसून पेपर वाचू शकतो. अशा दिवसांत कुणाला गाढ झोप लागली तरच डॉक्टरला दाखवावं. पण हात वर करताना हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

"पाहिलंत?" बुवा हळूच म्हणाले. "पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. माणूस खोटं बोलतो. यंत्र खोटं बोलत नाही. यंत्राला श्रद्धा नाही की शंका नाही. त्यालाच विचारूया."

आणि त्यांनी फांदी जमिनीवर आपटली.

समाजगृहापासून तळ्याचा काठ घोड्याच्या नालेसारखा वळतो आणि त्या काठावर नऊ घरांची अंगणं ओळीनं दिसतात. गेल्या वर्षी नऊही घरांनी मिळून गवत कापणारे रोबो घेतले होते. लाकडी खोपटात राहायचे, आपले आपण बाहेर पडून गवत कापायचे, आपले आपण परत जायचे. लोकांनी त्यांना कुत्र्यांसारखी नावंही ठेवली होती. फांदी आपटली आणि क्षणभरानं पलीकडच्या टोकाच्या हेल्वीच्या अंगणातली गवतकापी खोपटातून बाहेर आली, जागच्या जागी गर्रकन दोनदा फिरली आणि थांबली. मग मधल्या एका घरातला. मग अलीकडच्या घरातली. मग पुन्हा पलीकडचा. एकेक करत नऊच्या नऊ यंत्रांच्या अंगात आलं.

"अरे देवा," कुणीतरी म्हणालं आणि कॉफी सांडली.

"नेहमी तिथूनच सुरुवात होते," बुवांनी फांदी हेल्वीच्या अंगणाकडे रोखली. "शिरेचं तोंड तिथे आहे. त्या जुन्या सौनाच्या खाली. तोंड बंद केल्याशिवाय या गावाला झोप नाही. आणि तोंड बंद होतं ते फक्त आगीनं."

गर्दीच्या कडेला तुइरे उभी होती. हेल्वीची मुलगी. शहरातल्या तंत्रविद्यालयात पोरांना संगणक शिकवायची आणि सुट्टीला आईकडे आली होती. आल्या आल्या तिला दाराला आडवा झाडू लावलेला दिसला होता. आमच्याकडे दाराला झाडू म्हणजे घरात कुणी नाही, आणि झाडू असला की आत कुणी जात नाही. कुलपाचा खर्च कशाला? म्हणून ती आईला शोधत इथवर आली आणि हे ऐकून जागीच थिजली. ते वाफेच्या आंघोळीचं लाकडी घर, तो सौना, तिच्या आजोबांनी हातानं बांधलेला होता. पूर्वी आमच्याकडे बाळंतपणंही सौनातच व्हायची, आणि हेल्वीचा जन्म त्याच सौनात झाला होता.

तिनं आईकडे पाहिलं. हेल्वी शांतपणे म्हणाली, "जाळा मग. युहान्नुसच्या उन्हाळी सणाला होळी पेटतेच, त्यातच जाळा. वेगळी लाकडं तरी लागणार नाहीत."

---

"आई, तुला वेड लागलंय का?" घरी आल्यावर तुइरेनं पहिला प्रश्न हाच विचारला.

हेल्वीनं तिच्यापुढे वेलदोड्याच्या पावाची बशी सरकवली. "ओरडू नकोस. आधी खा."

"खाणार नाही. तू त्या सौनात जन्मलीस."

"म्हणूनच मी ठरवणार. तुझा जन्म इस्पितळातला, तुला काय त्याचं." मग ती थोडी मवाळ झाली. "अगं, समोरच्या इर्याचा गुडघा बघ किती सुजलाय. तिचा तैस्तो रात्ररात्र येरझाऱ्या घालतो. माझ्या अंगणातून विष वाहत असेल आणि मी आपली मजेत वाफ घेत बसायचं? लोकांचे डोळे कसे चुकवू मी?"

"इर्याचा गुडघा तिसऱ्या इयत्तेपासून सुजतोय. बर्फावर पडली होती, तूच सांगितलंस. आणि तैस्तोनं बेडरूमचे जाड पडदे धुवायला काढलेत."

"पण यंत्रं कशी गं नाचली?" हेल्वीनं मुद्द्यावरच बोट ठेवलं. "बुवानं हात लावला नाही. मी स्वतः पाहिलं. आणि सगळ्यात आधी माझी ऍम्मॅच का?"

ऍम्मॅ म्हणजे थेरडी. हेल्वीनं आपल्या गवतकापीला हे नाव हौसेनं ठेवलं होतं, कारण तीही कुरकुरत काम करायची आणि सांगितल्यावर ऐकायची नाही. तुइरे चडफडत पावाचा तुकडा मोडत राहिली.

दुसऱ्या दिवशी बुवांनी पुन्हा खेळ मांडला. शेजारच्या गावातली माणसं बघायला आली होती, आणि पलंगाखाली ठेवायच्या तांब्याच्या पट्ट्याही विकायच्या होत्या. इर्यानं तीन घेतल्या होत्या आणि चौथी घेऊ का म्हणून नवऱ्याला विचारत होती. तुइरे मात्र गर्दीत गेली नाही. ती सौनाच्या पायरीवर बसली आणि नऊही अंगणांकडे बघत राहिली.

फांदी आपटली. ऍम्मॅ फिरली. मग एमेली. मग हिल्मा. मग यूस्सी, केर्त्तू, मुस्ती, रुसीना, ताह्वो. सगळ्यात शेवटी समोरच्या काठावरचा, तैस्तो-इर्याचा वैनो.

तुइरेला वाटलं, हे आपण कुठेतरी ऐकलंय. रोज ऐकतो. रोज सकाळी वर्गात उभं राहून आपणच म्हणतो.

"हजेरी," ती मोठ्यानं म्हणाली. "मेल्यानं हजेरी घेतलीय."

शीर काठाकाठानं जात असती तर ऍम्मॅनंतर शेजारची केर्त्तू हलायला हवी होती. तसं होत नव्हतं. यंत्रं एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला उठत होती आणि त्यात भूगोलाचा पत्ता नव्हता. पण नावं मात्र आमच्या मुळाक्षरांच्या, म्हणजे ए-बी-सी-डीच्या, क्रमानं चालली होती, एमेलीपासून वैनोपर्यंत, एकही नाव मागेपुढे न होता; यूस्सीतला य आमच्याकडे जे या अक्षरानं लिहितात. धरणीच्या पोटातल्या शिरेला मुळाक्षरं येत होती.

फक्त एक गोष्ट बसत नव्हती. ऍम्मॅचं पहिलं अक्षर म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेलं. मराठीत जसे क्ष आणि ज्ञ शेपटाला बसतात, तसं ते आमच्याकडे पार शेवटी येतं. क्रमच लावायचा तर ऍम्मॅ सगळ्यांच्या मागे हवी. मग ती सगळ्यांच्या पुढे कशी?

तुइरेनं पायरीवर बसूनच कपाळाला हात मारून घेतला. यंत्रांच्या जाळ्यातल्या नावांना टिंबं चालत नाहीत. तिथे नाव नोंदवायचं तर टिंबं गाळावी लागतात, आणि टिंबं गाळली की ऍम्मॅची होते अम्मा. अम्मा पहिल्या अक्षरात जाते आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी राहते. बस. एवढंच होतं शिरेचं तोंड. आजोबांचा सौना दोन टिंबांपायी जळणार होता.

---

तैस्तो गावसमितीचा अध्यक्ष. चांगला माणूस, पण बोलायला लागला की बशीतली कॉफी निवते. तुइरे त्याच्याकडे गेली तेव्हा तो आपल्या नव्या सौनाची काचेची भिंत पुसत होता.

"तैस्तो, गवतकाप्या वायफायला कुणी जोडल्या?"

"मीच. समाजगृहाच्या वायफायला. नऊच्या नऊ. दुकानदारानं दाखवलं आणि मी शिकलो," तो अभिमानानं म्हणाला.

"पासवर्ड?"

"झाडू."

"काय?"

"झाडू. सगळ्यांना एकच. दाराला झाडू लावला की पुरे असतं ना आपल्याकडे, म्हटलं यंत्रांनाही तोच लावू. लक्षात राहायला सोपा." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. "ओर्वोला सांगितला तेव्हा तोही पोट धरून हसला."

"ओर्वोला सांगितलास?"

"पहिल्याच दिवशी कॉफीला आला होता. त्याच्या बायकोला वायफाय हवं होतं. ती बिचारी दिवसभर त्या गाडीत शब्दकोडी सोडवत बसते. त्यात काय एवढं?"

तुइरेनं समाजगृहामागे उभ्या असलेल्या बुवांच्या राहत्या गाडीकडे पाहिलं. खिडकीत ऐलाबाई दिसत होत्या. मांडीवर लॅपटॉप. शब्दकोडं लॅपटॉपवर सोडवता येतं, ही गोष्ट खरी. पण खेळ सुरू झाला की त्या पडदा बाजूला करून नवऱ्याची फांदी न्याहाळायच्या, हे कोड्यात कुठे बसत होतं?

तिनं तैस्तोला सगळं सांगायचा प्रयत्न केला. तैस्तोनं फडकं खाली ठेवलं आणि दयेनं तिच्याकडे पाहिलं. "तुइरे, तू शिकलेली आहेस, मान्य आहे. पण काही गोष्टी शिक्षणाच्या पलीकडच्या असतात. सौना तुझ्या आईचा, वाईट आम्हालाही वाटतं. पण गावाच्या भल्यासाठी एखाद्यानं सोसलं पाहिजे."

"एखाद्यानं म्हणजे दुसऱ्यानं," तुइरे म्हणाली.

घरी जाऊन तिनं आईची परवानगी घेतली आणि एकट्या ऍम्मॅचं दार वायफायवरून ठोठावून पाहिलं. लॅपटॉप उघडला, एक ओळ टाइप केली, झाडू म्हणून सांगितलं. खोपटातून ऍम्मॅ बाहेर आली आणि गर्रकन दोनदा फिरली. हेल्वी खिडकीत उभी होती.

"तू केलंस?"

"मी केलं."

"तू करू शकतेस म्हणजे त्यानंही तसंच केलं असं होत नाही," हेल्वी म्हणाली. "धनगराला शीळ घालता येते म्हणून रानातली प्रत्येक शीळ काय धनगराचीच?"

तुइरेला राग आला आणि त्याहून जास्त कौतुक वाटलं. तिच्या वर्गात इतका चांगला प्रश्न वर्षातून एखाद्याच पोराला सुचायचा. "मग असं कर," ती म्हणाली, "तूच सांग. नाच जमिनीमुळे होतो की नावामुळे, हे कसं ओळखायचं?"

हेल्वीनं विचार केला. मग कोपऱ्यातल्या हातगाडीकडे पाहिलं.

---

युहान्नुसच्या संध्याकाळी ऊन डोक्यावर नसलं तरी चांगलं कोवळं पसरलं होतं. तळ्याकाठी सॉसेजं भाजली जात होती. हेल्वीच्या सौनात पेंढा कोंबला होता, दाराशी बर्चच्या झाडाची सुकी सालं रचली होती. तैस्तोच्या हातात काडेपेटी होती आणि चेहऱ्यावर कर्तव्य.

बुवा आज पांढऱ्या सदऱ्यात होते. "मंडळी, आज शिरेला शेवटचं विचारू. मग अग्नी."

"विचारा की," हेल्वी म्हणाली. ती पेंढ्याशेजारी खुर्ची टाकून बसली होती. "माझ्या घराचा प्रश्न आहे. नीट विचारा."

बुवांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले आणि फांदी आपटली. "हे पाहा," डोळे मिटूनच त्यांनी हात हेल्वीच्या अंगणाकडे केला, "हे पाहा तोंड."

हेल्वीच्या अंगणात काहीही हललं नाही. सगळ्या माना समोरच्या काठाकडे वळल्या होत्या. तिथे तैस्तोच्या नव्या सौनासमोर, काचेच्या भिंतीखाली, एक गवतकापी गर्रकन दोनदा फिरली. मग एमेली. मग हिल्मा. आणि सगळ्यात शेवटी, बाकी आठ फिरून झाल्यावर, हेल्वीच्या खोपटातलं यंत्र सावकाश बाहेर आलं.

बुवांनी डोळे उघडले, गर्दी कुठे बघतेय ते पाहिलं आणि हात हळूच तिकडे वळवला. अनुभवी माणूस. "शीर सरकली," ते गंभीरपणे म्हणाले.

"सरकली म्हणजे?" तैस्तो म्हणाला.

"धरणी जिवंत आहे. तोंड आता तिथे आहे."

लोकांनी तैस्तोकडे पाहिलं. मग त्याच्या हातातल्या काडेपेटीकडे. शीर सरकली तशी तैस्तोच्या पायाखालची वाळूही सरकली.

"असं कसं सरकेल?" तो म्हणाला. "काल तर पक्कं होतं. ती काच जर्मनीहून आलीय. नाही, हे बरोबर नाही. काहीतरी चूक आहे. पुरावा काय?"

"गावाच्या भल्यासाठी एखाद्यानं सोसलं पाहिजे," तुइरे त्याच्या शेजारून म्हणाली.

"तू गप्प बस. नाही, बोल. त्या दिवशी काय सांगत होतीस?"

"आधी परवानगी दे. पासवर्ड बदलू?"

"बदल. आत्ताच बदल."

तुइरेनं सॉसेजच्या टेबलावरच लॅपटॉप उघडला, एक ओळ लिहिली आणि बटण दाबलं. तिकडे बुवा गर्दीला समजावत होते, की शिरेला पुन्हा मूळ जागी आणता येतं, फक्त सगळ्यांनी मनापासून मदत केली पाहिजे. त्यांनी फांदी उचलली आणि आपटली.

काही नाही.

पुन्हा आपटली. तळ्यावर एक बदक ओरडलं.

"इथली जमीनच आज अशुद्ध आहे," बुवा म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, ते असं. त्यांनी तिसऱ्यांदा फांदी उचलली, तेवढ्यात समाजगृहामागच्या गाडीची खिडकी खाडकन उघडली आणि ऐलाबाईंचा वैतागलेला आवाज अख्ख्या काठावर घुमला.

"ओर्वो, थांब जरा. झाडू चालत नाहीये."

मग इर्या हसायला लागली. सुजलेला गुडघा धरून, खाली बसून हसली. "झाडू," ती म्हणाली. "अगं बाई, झाडू."

तुइरेनं मग सगळं उलगडून सांगितलं. शिक्षिकाच ती, टेबलाशेजारी उभी राहून शिकवायला लागली. "प्रत्येक गवतकापीत एक छोटा संगणक आहे. तो वायफायवर असतो. त्याचं नाव आणि पासवर्ड माहीत असला की इथे बसून तिथे शिरता येतं, आणि इथे टाइप केलेला हुकूम तो तिथे पाळतो. दर वेळी नऊ दारं हातानं ठोठावायची गरज नसते. एक छोटं साधन असतं. त्याला एक ओळ सांगायची. ते नावांच्या क्रमानं एकेक दार ठोठावतं, झाडू दाखवतं, आत जातं, 'फीर' म्हणून सांगतं आणि पुढच्या दारी जातं. हे मी दर वर्षी सतरा वर्षांच्या पोरांना शिकवते. त्यांतल्या एकालाही अजून साक्षात्कार झालेला नाही."

"मग शीर सरकली कशी?" मागून कुणी विचारलं.

"शीर नाही सरकली. अम्मा सरकली," हेल्वी खुर्चीवरूनच म्हणाली. "दुपारी तुम्ही सगळे तळ्यात पोहत होतात तेव्हा आम्ही ऍम्मॅला हातगाडीत घालून इर्याकडे नेलं आणि त्यांच्या वैनोला माझ्या खोपटात आणलं. इर्याला विचारून."

"मी म्हटलं, उचला," इर्या डोळे पुसत म्हणाली. "नाहीतरी त्याचा नुसता गोंगाट असतो."

"जमिनीत काही असतं तर जमीन जागच्या जागी होती," तुइरे म्हणाली. "नाव हललं, तोंड हललं. हिचं नाव टिंबांसकट लिहिता आलं असतं तर ती शेवटची आली असती आणि आज पेंढा दुसऱ्याच कुणाच्या सौनात असता. या माणसालाही माहीत नव्हतं सुरुवात तिथूनच का होते. जे पहिलं हललं त्याच्याकडे त्यानं बोट दाखवलं. आणि आपण काडेपेटी आणली. चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच विचारा, की यातली एक गोष्ट बदलली तर काय होतं? खऱ्या गोष्टीला या प्रश्नाची भीती नसते. आणि जो माणूस विचारू देत नाही, त्याच्या सांगण्यावरून शेजारणीचं घर पेटवू नका. विचारायला फार शिक्षण लागत नाही. आईनं कोपऱ्यातली हातगाडी बघितली, एवढंच."

बुवा काहीतरी म्हणत होते, की यंत्रातून धरणीच बोलते आणि ऐला फक्त तिची वाणी आहे. कुणी ऐकत नव्हतं. तैस्तोनं काडेपेटी खिशात टाकली आणि पहिल्यांदाच एकही शब्द न बोलता सौनातला पेंढा बाहेर काढायला लागला. मग आणखी चौघं आले. पेंढा, बर्चची सालं आणि वाळुंजाची ती फांदी तळ्याकाठी नेऊन त्याचीच होळी पेटवली. इर्यानं तांब्याच्या पट्ट्या परत दिल्या, आणि पैसे परत घेतल्याशिवाय गाडी हलू दिली नाही.

नंतर हेल्वीनं सौना तापवला. सगळ्यात वरच्या फळीवर ती एकटीच बराच वेळ बसून होती. तुइरे आत आली तेव्हा आईचे डोळे ओले होते आणि ती म्हणाली की वाफेनं आहेत. तुइरेला ते खरं वाटलं नाही, पण तिनं पुरावा मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी हेल्वीनं ऍम्मॅला घरी आणलं आणि तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं नाव लिहून वर भलीमोठी टिंबं काढली.

आठवड्याभरानं तैस्तो कॉफीला आला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं नव्हती, कारण इर्यानं जाड पडदे परत लावले होते. पण माणूस उत्साही, स्वस्थ कसा बसेल. "हेल्वी, शहरात एक बाई आलीय म्हणे," तो पुढे झुकून म्हणाला. "लोहचुंबकाच्या चपला विकते. घातल्या की गुडघ्याची सूज तीन दिवसांत उतरते. इर्यासाठी घेऊ का?"

हेल्वीनं त्याच्या पेल्यात कॉफी ओतली.

"घे की," ती म्हणाली. "पण आधी त्या मला दोन दिवस दे. लोहचुंबक काढून ठेवते, इर्याला काही सांगत नाही, आणि बघू तरीही सूज उतरते का."